कोण रुजू झालं, कोणाकडे काय आहे: विस्तार विभागाचं अंतर्गत वार्तापत्र सुरू करताना

महाराष्ट्रातल्या एका कृषी विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण संचालनालयात मी काम करते. विस्तार म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणं. इथे आल्यावर माझ्याकडे पहिलं काम आलं ते मासिक प्रगती अहवाल गोळा करण्याचं. कृषी विज्ञान केंद्रांकडून तक्ते यायचे: प्रशिक्षणं किती, आद्यरेषीय प्रात्यक्षिकं (शेतकऱ्याच्या शेतावर नवं वाण किंवा तंत्र करून दाखवणं) किती, शेतावरच्या चाचण्या किती, शेतकऱ्यांच्या भेटी किती. बेरीज करून वर पाठवायचे. त्या तक्त्यांत माणसं कुठेच नसायची. एका केंद्रातले कीटकशास्त्राचे विषय विशेषज्ञ, म्हणजे त्या विषयाचे शास्त्रज्ञ, बदलून गेल्याचं मला कळलं ते मका उत्पादकांच्या मेळाव्यासाठी वक्ता म्हणून त्यांना फोन केला तेव्हा. शेजारच्या जिल्ह्यातलं केंद्रही त्यांच्याच भरवशावर कार्यक्रम आखून बसलं होतं.

आमची रचना थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही प्रत्येकाची तीन अंगं. विस्ताराचा जिल्ह्यातला हात म्हणजे कृषी विज्ञान केंद्र. देशातलं पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं, आज सातशेहून जास्त आहेत. एका केंद्राला १६ पदं मंजूर: एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, तीन कार्यक्रम सहायक, कार्यालयातले दोघे, दोन चालक, दोन मदतनीस. सगळी पदं भरलेलं केंद्र मी क्वचितच पाहिलं. एखाद्या केंद्रात पीक संरक्षणाला माणूस नाही, तर दुसऱ्यात गृहविज्ञानाला. म्हणून एका केंद्राने दुसऱ्याची मदत घेणं ही आमच्याकडे रोजची गरज आहे.

त्यात एक जुनी भिंत. काही केंद्रं विद्यापीठाची, तर बरीचशी स्वयंसेवी संस्थांची. पैसा दोन्हींना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, देखरेख पुण्याच्या अटारीची (त्याच परिषदेच्या विभागीय संस्थेची), तांत्रिक मार्गदर्शन विद्यापीठाचं. काम सारखंच. पण सेवाशर्ती वेगळ्या, निवृत्तिवेतनाच्याही. संस्थांच्या केंद्रांतले सहकारी बैठकीला येत, चहा घेत, अहवाल देत आणि जात. आपल्या घरातली गोष्ट त्यांना सांगावी असं कोणाला वाटत नसे आणि त्यांनाही विचारावंसं वाटत नसे. मला हे मनापासून खटकायचं. शेतकरी केंद्राच्या फाटकातून आत येताना पाटीवर मालक कोण ते पाहत नाही.

म्हणून मी मंजुरीसाठी टिप्पणी लिहिली: संचालनालय आणि सर्व केंद्रांच्या कर्मचाऱ्यांसाठी मासिक अंतर्गत वार्तापत्र. छपाई नाही, चार पानांची पीडीएफ. कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, कोणावर अतिरिक्त कार्यभार आला, कोण कोणत्या प्रशिक्षणाहून आलं, आणि कोणत्या केंद्राकडे दुसऱ्याला देण्यासारखं काय आहे.

नस्ती, म्हणजे त्या प्रस्तावाची फाइल, फिरायला वेळ लागला. पहिला शेरा अपेक्षित होता: व्हॉट्सॲप ग्रुप असताना हे कशाला? मी ग्रुपमधल्या एका आठवड्याच्या नोंदी छापून नस्तीला जोडल्या. वाढदिवस, उद्घाटनाचे फोटो, परिपत्रकं, हवामानाचा इशारा, पुन्हा फोटो. त्यात एका केंद्राने विचारलं होतं, ‘रुंद वरंबा सरीचं पेरणी यंत्र कोणाकडे मोकळं आहे का?’ त्याखाली एकही उत्तर नव्हतं, कारण तासाभरात वर चाळीस फोटो चढले होते. रुंद वरंब्यावर पेरून बाजूला सऱ्या पाडणारं ते यंत्र दोन तालुके पलीकडच्या केंद्राच्या शेडमध्ये उभं होतं, हे मला त्यांच्या अवजारांच्या यादीतून दिसलं. ती यादीही जोडली.

दुसरी हरकत नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या आस्थापना शाखेची होती आणि ती रास्त होती. बदलीची बातमी आदेशाआधी बाहेर गेली तर माणसाला त्रास होतो, कधी प्रकरण न्यायालयापर्यंत जातं. संचालकांनी तीन अटी घालून मंजुरी दिली: आदेश निघाल्याशिवाय नाव छापायचं नाही, चौकशी किंवा शिस्तभंगाचा उल्लेख करायचा नाही, आणि निवृत्त होणाऱ्याची संमती घेतल्याशिवाय त्याच्याविषयी काही लिहायचं नाही. या अटींमुळेच लोकांनी पुढे वार्तापत्रावर विश्वास ठेवला असं मला वाटतं. आस्थापनेतल्या वरिष्ठ लिपिक ताईंनी दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुजू अहवालांची यादी मला द्यायचं कबूल केलं आणि आजतागायत एकदाही चुकवलं नाही. संस्थांच्या केंद्रांसाठी असा एकच स्रोत नव्हता. तिथे प्रत्येक प्रमुखाला फोन करावा लागला.

पहिल्या अंकांना प्रतिसाद म्हणून जे आलं ते सगळं सत्कारांचं. मंत्र्यांच्या हस्ते, कुलगुरूंच्या हस्ते, शाल, श्रीफळ. मी ते एका ओळीत घ्यायला सुरुवात केली आणि उरलेली जागा एका सदराला दिली: ‘आमच्याकडे आहे, आम्हाला हवं आहे’. वार्तापत्र उभं राहिलं ते या सदरावर. एका केंद्राकडे हरभऱ्याचं सत्यप्रत (उत्पादकाने स्वतः हमी दिलेलं) बियाणं शिल्लक होतं, दुसऱ्याला रब्बीच्या प्रात्यक्षिकांना कमी पडत होतं. एकाची मृदा परीक्षण प्रयोगशाळा तंत्रज्ञाविना बंद होती, शेजारच्याने आठवड्यातला एक दिवस त्यांच्या नमुन्यांसाठी राखून ठेवला. ते पेरणी यंत्रही पुढच्या खरिपात हललं. नेणारी गाडी एकाची, डिझेल दुसऱ्याचं, आणि नोंद दोन्हीकडच्या साठा नोंदवहीत, कारण लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तोच येतो. संस्थेचं आणि विद्यापीठाचं केंद्र यांच्यात यंत्र द्यायचं तर कोणत्या कागदावर द्यायचं, याचा नमुना लेखा शाखेकडून तपासून घेतला आणि अंकासोबत पाठवला. तो नमुना मिळाल्यावर मागण्या दुपटीने वाढल्या. लोकांना मदत करायची नव्हती असं नाही, सही कुठे करायची ते माहीत नव्हतं.

खरी कसोटी लष्करी अळीने घेतली. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे नोंदवली गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात दिसली. पुढच्या खरिपात मका पोंग्यात (मधली कोवळी पानं गुंडाळलेली) असतानाच फोन सुरू झाले. पानांवर ओळीने भोकं, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. काही शेतकरी तिला नेहमीची खोडकीड समजून फवारत होते, तेही पानांवर वरून, आणि औषध पोंग्यात बसलेल्या अळीपर्यंत पोचतच नव्हतं.

त्या वेळी मका जास्त असलेल्या एका केंद्रात पीक संरक्षणाचं पद रिकामं होतं. तिथल्या कृषी विस्ताराच्या विशेषज्ञांनी वार्तापत्राचे मागचे अंक चाळले आणि एका संस्थेच्या केंद्रातल्या मॅडम या किडीच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्याची दोन ओळींची नोंद त्यांना सापडली. त्यांनी थेट फोन लावला. मॅडम दुसऱ्याच दिवशी बसने आल्या. तिसऱ्या केंद्रातले संगणकाचे कार्यक्रम सहायक फोटो चांगले काढतात हेही एका अंकात आलं होतं, त्यांनाही बोलावलं. तिघांनी शेतात बसून एक पानाचं पत्रक केलं: डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, अंडी पुंजक्यात, फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी आणि नोझल पोंग्याकडे. भाषा इतकी साधी की कृषी सहायकांनी आणि ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहिलेल्या कृषिदूतांनी, म्हणजे कृषीच्या विद्यार्थ्यांनी, ते तसंच्या तसं वाटलं. पत्रकावर तिन्ही केंद्रांची नावं होती. प्रकाशनाचं श्रेय कोणाच्या अहवालात जाणार यावरून संचालनालयात चर्चा झाली. निर्णय असा झाला की तिघांच्याही अहवालात संयुक्त म्हणून दाखवायचं. मला तो निर्णय पत्रकाइतकाच मोलाचा वाटतो. आकड्यांची भीती गेली की माणसं एकत्र यायला तयार होतात, हे मी तेव्हापासून अनेकदा पाहिलं आहे.

निवृत्तीच्या बातम्यांविषयी मला जास्त सांगायचंय. आमच्याकडे माणूस महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होतो. दुपारी निरोप समारंभ, संध्याकाळी घरी. त्याच्यासोबत पंचवीस-तीस वर्षांची माहिती जाते. एका केंद्राचे प्रक्षेत्र व्यवस्थापक, म्हणजे केंद्राची शेती सांभाळणारे, निवृत्त होणार होते, तेव्हा मी त्यांच्या संमतीने भाषणाऐवजी मुलाखत घ्यायचं ठरवलं. आम्ही प्रक्षेत्राचा नकाशा समोर घेऊन बसलो. कोणत्या तुकड्यात पावसाळ्यात पाणी साचतं, कुठे जमीन चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेली) आहे, कोणत्या विहिरीचं पाणी मार्चनंतर खारं होतं, कोणत्या वर्षी कोणत्या तुकड्यात हिरवळीच्या खतासाठी ताग गाडला होता आणि पुढच्या पिकात काय फरक पडला, हे ते न अडखळता सांगत गेले. कोणत्याही नोंदवहीत हे एका जागी नव्हतं. वार्तापत्रात निम्मं पान छापलं, उरलेलं नकाशावर लिहून केंद्रात लावलं. नवीन व्यवस्थापकांनी बियाणे उत्पादनाचे तुकडे निवडताना तोच नकाशा वापरला. त्यानंतर निवृत्तीच्या तीन महिने आधी अशी मुलाखत घ्यायची पद्धत आम्ही लावून घेतली.

चालकांची गोष्टही अशीच. शास्त्रज्ञ बदलतात, पण चालक पुष्कळदा त्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षं असतात. कोणत्या गावात कोणाच्या शेतावर प्रात्यक्षिक झालं होतं, कोणता शेतकरी नवं वाण आधी लावून बघतो, कोणत्या वस्तीवर महिलांची बैठक दुपारी चारनंतरच भरते, हे त्यांना पाठ असतं. नव्याने रुजू झालेल्या विशेषज्ञाची ओळख छापताना आम्ही त्या केंद्रातल्या चालकांची आणि मदतनिसांची नावं आणि त्यांना माहीत असलेली गावंही छापू लागलो. एका चालक भाऊंनी मला फोन करून सांगितलं की इतक्या वर्षांत विद्यापीठाच्या कागदावर त्यांचं नाव लॉगबुकाबाहेर पहिल्यांदाच आलं. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

अजून बरंच राहिलंय. पशुविज्ञान आणि गृहविज्ञानाकडून मजकूर कमी येतो. संस्थांच्या काही केंद्रांत कर्मचारी सोडून गेल्याची बातमी व्यवस्थापनाला अडचणीची वाटते, म्हणून ती उशिरा मिळते. पुढची मागणी शेजारच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या केंद्रांची आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडली की विद्यापीठ बदलतं, पण सोयाबीन, तूर आणि कपाशी दोन्हीकडे तीच, कीड तीच, बाजार समितीही पुष्कळांची एकच. सीमेलगतच्या केंद्रांपुरती ‘आमच्याकडे आहे, आम्हाला हवं आहे’ची सामाईक यादी काढावी असा प्रस्ताव आम्ही तयार केला आहे. चारही विद्यापीठांची मंडळी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीला दरवर्षी एकत्र येतात, तिथे विस्तार संचालकांसमोर तो ठेवायचा आहे. त्यासाठी सीमेवरच्या केंद्रांकडून अवजारं, रिक्त पदं आणि शिल्लक बियाण्याची माहिती मागवली आहे आणि ती येऊ लागली आहे.