चौथ्या क्वार्टरमध्ये पाय का सुटायचे

मागच्या वर्षी वॉटर पोलोच्या राज्य संघाच्या चाचणीत मी बाद झालो आणि त्याचे कारण मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पहिले तीन क्वार्टर मी बरा खेळलो. चौथ्यात मात्र चेंडू उचलला की कंबर खाली जाई, खांदे पाण्याबाहेर टिकत नसत आणि गोलवर मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या हातात अलगद जाऊन पडे.

आपला दम कमी पडतो, असे मी ठरवून टाकले आणि पोहणे वाढवले. संध्याकाळचा संघाचा सराव होताच. त्यात रोज पहाटे चार किलोमीटरची भर घातली. दीड महिन्यात ४०० मीटरची वेळ सुधारली, पण सरावसामन्यांतला चौथा क्वार्टर होता तसाच राहिला. शिवाय उजवा खांदा ठणकू लागला, रात्री झोप लागेना, आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ५६ वरून ६६ वर गेली. तरीही मी आणखी पोहत राहिलो, हा शुद्ध हट्ट होता.

शेवटी आमच्या सरांनी विचारले, "सरावात दम खायला तू कुठे जातोस?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी ओशाळलो. आमचा टँक पंचवीस मीटरचा आणि उतरत्या तळाचा. एका टोकाला पाणी जेमतेम चार फूट. चेंडू दुसरीकडे असला की आम्ही सगळेच त्या टोकाला नकळत पाय टेकतो. सामन्यात गोलरक्षकाखेरीज कोणालाही तळावर उभे राहण्याची मुभा नाही आणि मोठ्या स्पर्धांच्या टँकमध्ये तर तळ पायाला लागतच नाही. १९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने या खेळाचे सुवर्णपदक जिंकले होते. आम्ही मात्र चार फूट पाण्यात उभे राहून त्याच खेळाची तयारी करत होतो.

आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर असले तरी चेंडू खेळात नसताना घड्याळ थांबते, त्यामुळे सामना तासभर सहज चालतो. त्यात सलग पोहणे थोडे असते. दहा-पंधरा मीटरची झेप, लगेच उभ्याने झटापट, पुन्हा झेप, असे चक्र चालते. उभ्याने तरंगण्यासाठी एगबीटर मारावा लागतो, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत राहायचे, जेणेकरून उचल क्षणभरही तुटत नाही आणि हात मोकळे राहतात. हा भार जांघेच्या आतल्या स्नायूंवर आणि नितंबांवर येतो. फ्रीस्टाइलचे कितीही फेरे मारले तरी हे स्नायू त्यासाठी तयार होत नाहीत. पाय भरून आले की शरीर बुडते, मग फेकीचा सगळा जोर एकट्या खांद्यावर पडतो. माझ्या खांद्याच्या दुखण्याचे मूळ काही अंशी तरी पायांत होते.

सरांनी बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. पहाटेचे पोहणे सहाऐवजी तीन दिवसांवर आले, हे मला सर्वांत जड गेले. खोल टोकाला हात पाण्याबाहेर ठेवून तीस सेकंद एगबीटर आणि तीस सेकंद विसावा, असे दहा वेळा. चौथ्या आठवड्यापासून हातांत, पाण्याबाहेर धरलेला, पाच लिटरचा अर्धा भरलेला कॅन. झेपांचा सराव भिंतीला पाय न लावता, उभ्या स्थितीतूनच सुरू करायचा.

मोजमापासाठी एका बांबूवर दर पाच सेंटिमीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळली. सहकारी तो टँकच्या काठावरून पाण्यात उभा धरायचा आणि मी एगबीटरवरून उसळी घेऊन जमेल तितक्या वरच्या खुणेला बोट लावायचो, एकदा सरावाआधी आणि एकदा सरावानंतर. पहिल्या आठवड्यात सरावाआधी १२० आणि नंतर १०५ सेंटिमीटर भरले. तो पंधराचा फरक म्हणजेच माझा चौथा क्वार्टर होता. सराव किती कठीण वाटला याला शून्य ते दहा गुण देऊन त्यांना मिनिटांनी गुणायचे, असाही एक हिशेब वहीत ठेवला; नव्वद मिनिटे आणि आठ गुण म्हणजे ७२०. आठवड्याची बेरीज आधीच्यापेक्षा एकदम फुगली की दोनच दिवसांत सकाळची नाडी वाढलेली दिसायची, आणि मग सर मला घरी पाठवायचे. एप्रिलमध्ये सरावाआधी आणि नंतर वजन केले तर सव्वा किलोचा फरक निघाला. पाण्यात घाम दिसत नाही, म्हणून इतकी वर्षे मी सरावात पाणी प्यायलोच नव्हतो.

आठव्या आठवड्यापर्यंत बांबूवर काहीच हलले नाही. नवव्यात सरावानंतरची खूण ११० वर आली आणि तिथून फरक आटत गेला.

यंदाच्या चाचणीच्या टँकला उथळ टोक नव्हतेच. चौथ्या क्वार्टरमध्ये माझी एक फेक खांबाला लागून परतली आणि एक आत गेली. यादीत माझे नाव राखीव खेळाडूंत आले. बांबू सोबत नेला होता. त्या दिवशी वहीत सामन्याआधी १२५ आणि नंतर १२० अशी नोंद आहे.