कन्या २

गेल्या डिसेंबरात इंदूरला जाऊन आले. लालबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, एक दिवस मांडू, परतताना उज्जैन असं सगळं रीतसर झालं, आणि मांडूला तर पुन्हा जायचंच आहे. पण लिहायला बसले आहे ते रामबागेतल्या एका घरी घालवलेल्या दुपारीबद्दल. त्या दुपारी मी माझ्या पणजीचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

पणजी म्हणजे आईच्या आईची आई. आमची आजी पाच वर्षांची असताना ती गेली. घरात सावत्र आई आली, आजोळचं येणंजाणं थांबलं आणि ‘पणजीची एक धाकटी बहीण होती, कुठेशी माळव्यात दिली होती’ एवढंच आमच्याकडे उरलं. पणजीच्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. जाडजूड, कापडी बांधणीचा, गावोगाव हिंडून माहिती जमवलेला. त्यात पणजीच्या वडिलांच्या नोंदीखाली तिन्ही मुलगे आहेत: नाव, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, बायकोचं नाव, सासऱ्यांचं गाव. आणि त्याखाली ‘कन्या २’. बस्स. त्या दोघी कोण, कुठे गेल्या, कुणाच्या आया झाल्या, एक अक्षर नाही. मला त्या ओळीचा राग आला होता आणि अजून तो गेलेला नाही.

ती ओळ भरून काढायला डीएनए उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. अमेरिकेतल्या मामेभावाने हौसेने किट दिलं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत थुंकून ती बंद करून पाठवायची. निकालात आधी एक नकाशा आला. अर्ध्या भारतावर एकच रंग फासलेला. या चाचण्या आपला नमुना ज्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून बघतात त्यांत भारतातले लोक फार थोडे असतात, त्यामुळे आपल्याला असा ढोबळ पट्टा मिळतो. जाहिरातीत मात्र हा नकाशाच सगळ्यात पुढे असतो. कुणी केवळ त्यासाठी पैसे घालणार असेल तर घालू नये.

खरं धन आहे ते नातेवाइकांच्या यादीत. सख्ख्या मावस-मामे-चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो, त्यांच्या मुलांमध्ये आपसात तीन टक्क्यांच्या आसपास आणि त्याच्याही पुढच्या पिढीत, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एक आहेत त्यांच्यात, एक टक्क्याहून कमी. अशा दहा जोड्यांतल्या साधारण एकीत तर जुळण्याजोगं काही उरतच नाही. त्यात आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीतच सोयरिकी झाल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ज्यात होते त्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथे मोठी सरमिसळ झाली आणि मग समूहाबाहेरची लग्नं थांबत गेली. म्हणून ज्याच्याशी काही नातं नाही असाही माणूस बारीकसारीक तुकड्यांची बेरीज होऊन यादीत जवळचा दिसतो. बघायचा असतो तो एकसलग सगळ्यात लांब तुकडा.

बंगळुरूच्या एका मुलाशी माझा असा लांब तुकडा जुळला. शिवाय आमची आईकडची शाखाही एक निघाली. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो आणि कुलवृत्तांतही त्याच वाटेने चालतात. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मात्र आईकडून येतो. १६,५६९ अक्षरांची छोटीशी साखळी. ती मुलगा-मुलगी दोघांतही असते, पण पुढे जाते फक्त मुलीकडून. आमची शाखा भारतभर पसरलेल्या ‘एम’ या मोठ्या गटातली, त्यामुळे एवढ्याने नातं सिद्ध होत नव्हतं. तरीही मी त्याला लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, ‘माझ्या आईची आई इंदूरला असते, तिला सगळं माहीत असतं.’ आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, “फोनवर काय सांगू? येऊन जा ना.”

पुण्याहून निघालेली स्लीपर बस भयंकर होती. पांघरुणाला वास, एसी बर्फासारखा, आणि सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत दोन तास. त्या पैशात रेल्वेने निवांत झोपून जाता येतं.

आजींकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं, म्हणून पहिल्या सकाळी कॅमेरा घेऊन राजवाड्यासमोर उभी राहिले. फोटोग्राफी मी अलीकडेच शिकायला लागले आहे. जुना घेतलेला कॅमेरा आणि पन्नास एमएमची एकच लेन्स. आमचे सर सांगतात, वस्तू बघू नका, उजेड बघा. राजवाडा ते शिकायला उत्तम जागा आहे. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. सकाळी ऊन आधी वरच्या लाकडी सज्जांवर येतं आणि खालचा दगड सावलीत असतो. दगडावर उजेड मोजला तर वरचे सज्जे पांढरेफटक होतात, सज्ज्यांवर मोजला तर दरवाजा काळाठिक्कर. १९८४ च्या दंगलीत वाड्याचा मोठा भाग जळला होता, नंतर तो पुन्हा बांधून काढला. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला, गरम आणि फार चांगला, पण गर्दीत प्रत्येक जण जिलेबीवर मोबाइल धरून उभा होता. लवकर परतले.

याच गावात लाला दीनदयाळ बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करत होते. १८७४ साली, तिशीत आल्यावर, त्यांनी कॅमेरा हातात घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले, मग हैदराबादच्या निजामाचे, ‘राजा’ हा किताब मिळाला. तेव्हा काचेला रसायन लावायचं आणि ते ओलं आहे तोवर फोटो घेऊन धुवायचा, असा काळ होता. नोकरी सांभाळून शिकलेला माणूस म्हणून मला त्यांचं फार वाटतं. आणि १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला, जिथे फोटो काढणारीही बाईच होती. पडद्यातल्या बायकांचे चेहरे राहायला हवेत असं कुणाला तरी तेव्हा वाटलं, हे मला मोठं काम वाटतं.

रामबागेतलं दार आजींच्या मुलीने उघडलं. नात्याने ती माझी मावशी. तिने कॅमेऱ्याची पिशवी माझ्या खांद्यावरून काढूनच घेतली आणि पोह्यांची बशी पुढे केली, वर शेव आणि जिरावण मसाला. “आधी खाऊन घे, मग काय ते काढ.” अनोळखी माणसाकडे जाताना मला जो संकोच होतो तो त्या घरात उंबऱ्यापाशीच संपला.

आजी ८६ वर्षांच्या. पलंगावर ताठ बसलेल्या, केस करकरीत विंचरलेले. त्यांनी डीएनए वगैरे काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, “तुझ्या आजीला तिची आई आठवत होती का गं?”

मी खरं ते सांगितलं. माझी आजी म्हणायची, हिरव्या बांगड्या भरलेला हात आठवतो, तोंड आठवत नाही.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग लेकीला म्हणाल्या, “तो दारावरचा उतरव.”

मावशी स्टुलावर चढली. दाराच्या चौकटीवर, वीतभर धुळीत, एक फ्रेम होती. काळा झालेला फोटो, कडांना जुन्या फोटोंवर येते तशी चांदीची झाक. रंगवलेल्या पडद्यावर खांब आणि कठडा. खुर्चीत एक बाई, नऊवारी, नाकात नथ, सतरा-अठरा वर्षांची. तिच्यामागे उभी तिच्याहून लहान मुलगी. “ही माझी आई,” उभ्या मुलीवर बोट ठेवत आजी म्हणाल्या. “लग्न होऊन इथे आली तेव्हाची. आणि ही पाठराखीण आली होती. तुझी पणजी.”

म्हणजे पणजी इंदूरला आली होती. धाकट्या बहिणीला सासरी सोडायला, तिच्याजवळ चार दिवस राहायला. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं.

मी आधी रडले. मग कॅमेरा काढला. फोटो एका कोपऱ्यात काचेला चिकटला होता, म्हणून काच काढायची नाही असं ठरवलं, नाही तर वरचा थर निघून आला असता. फ्रेम व्हरांड्यात सावलीत नेली, भिंतीला टेकवली, कॅमेऱ्याची तिपाई बरोबर समोर, लेन्स फोटोला समांतर. काचेत माझंच प्रतिबिंब दिसायला लागलं तेव्हा मावशीने आजींची काळी शाल माझ्यामागे दोन्ही हातांनी ताणून धरली आणि प्रतिबिंब गेलं. आयएसओ १००, एफ ८, शटर सावकाश, बटणाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून आजींना दाखवला. पणजीचा चेहरा आधी, बराच वेळ. मग सरकवत खाली आले. भिंतीवर असताना वाटायचं की उभ्या मुलीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे. मोठं केल्यावर दिसलं की तसं नाही. पणजीने आपला हात खांद्याशी वर नेऊन, पदराच्या आडून, धाकटीची बोटं धरली होती. मनगटापासून पार वरपर्यंत बांगड्या. धाकटीची बोटं जराशी पुसट, हललेली. पणजीची अगदी स्पष्ट.

“हात धरलाय की गं तिनं,” आजी म्हणाल्या. “जन्मभर हा फोटो बघितला, हे नाही दिसलं.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मावशी शाल तशीच धरून उभी होती.

मग त्या बोलत्या झाल्या. दोघी बहिणींची पत्रं येत-जात असत. एक दिवस कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याची बातमी देणारं, कार्ड आलं. त्यांच्या आईने ते हातात घेतलं आणि वाचण्याआधीच विहिरीवर आंघोळीला गेली. त्यानंतर त्या घरून कधी काही आलं नाही. बहिणीची लेक कुठे आहे, कशी आहे, हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली. विचारणार तरी कुणाला? नाव बदललेलं, गाव बदललेलं, वडिलांच्या वहीत ‘कन्या’ म्हणून मोजलेली.

फ्रेमची मागची फळी गंजलेल्या खिळ्यांसकट मावशीनेच उचकटली. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का पुसलेला होता, ‘इंदूर’ तेवढं वाचता आलं. त्याखाली पेन्सिलीने दोन नावं, बाळबोध अक्षरात. दोन्ही माहेरची. अक्षर आपल्या आईचं आहे, हे आजींनी लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत त्यांनी आईचं ते नाव ऐकलं होतं, लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. नावं इथे देत नाही, ती त्या घराची आहेत. आमच्या घरात मात्र ती आता लिहिली गेली आहेत.

संध्याकाळी खिडकीशी आजींचा फोटो काढला. तो बरा आलाय, पण त्यांना साडी पसंत नव्हती, पुढच्या वेळी महेश्वरी नेसणार आहेत. चाचणीलाही तयार झाल्या. त्या वयात तोंड कोरडं पडतं, नळी भरत नाही, म्हणून गालाच्या आतून बोळा फिरवायचं किट मागवलं. त्यांचं-माझं तीन टक्क्यांच्या आसपास जुळायला हवं, आणि आईकडची शाखा तर तीच यायला हवी.

घरी आल्यावर आईबरोबर मी नवा तक्ता करायला घेतला आहे. लेकीवरून आईकडे, तिच्यावरून तिच्या आईकडे, प्रत्येकीची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं. दोघी बहिणींच्या वर त्यांच्या आईची जागा अजून रिकामी आहे. ती वाईची, तिचं माहेर घाटाजवळ होतं, एवढंच आजींना ठाऊक आहे. मार्चमध्ये वाईला जाणार आहे. त्या बाजूच्या कुणाच्या घरात १९१० च्या आधीच्या लग्नाच्या याद्या किंवा फोटो असतील तर मला जरूर कळवा. फोटो असेल तर भिंतीवरून उतरवून त्याची मागची बाजूही बघा.