गोळीबारावरून आमच्या घरात चाललेला वाद

बेळगाव, रविवार, १ जून २०२५

१९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या नऊ जणांच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर अभिवादन करून परतताना रिक्षात पुन्हा बदलापूरचा विषय निघाला. माझे आणि माझ्या धाकट्या जावेचे या एका विषयावर गेल्या सप्टेंबरपासून पटलेले नाही. आज ज्या ठिकाणाहून आम्ही येत होतो त्यामुळे बोलणे अधिकच लागले, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतील दोन मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले आणि २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखून धरली. अटक झालेला सफाई कर्मचारी अवघा चोवीस वर्षांचा होता. २३ सप्टेंबरला त्याला तळोजा कारागृहातून दुसऱ्या एका गुन्ह्याच्या चौकशीसाठी नेत असताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच त्याच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि आमचा नाइलाज झाला, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर पेढे वाटले गेले, आणि उपमुख्यमंत्र्यांच्या हाती बंदूक दाखवणारे ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले.

त्या दिवशी आमच्या घरीही समाधानच व्यक्त झाले होते. जावेची मुलगी अंगणवाडीत जाते. ‘अक्का, आपल्या पोरीवर वेळ आली असती तर तुम्ही कायद्याची भाषा बोलला असता काय?’ हा तिचा प्रश्न मी कधीही उडवून लावलेला नाही. ज्या आईला तक्रार लिहून घ्या म्हणून हात जोडावे लागतात, तिचा न्यायालयावर विश्वास उरावा कसा? वर्षानुवर्षे तारखा, वकिलांची उलटतपासणी आणि शेवटी पुराव्याअभावी सुटका, हे सर्वांनी पाहिलेले आहे. तिच्या रागाचे मूळ खरे आहे, हे मला मान्य आहे.

मात्र त्या पालकांना ताटकळत ठेवले ते पोलिसांनीच, आणि महिन्याभरात लोकांनी डोक्यावर घेतले तेही पोलिसांनाच, ही गोष्ट मला सहन होत नाही. तक्रार नोंदवायला उशीर का झाला, शाळेतील कोणाला काय ठाऊक होते, हे सारे आरोपीच्या खटल्यात साक्षीपुराव्यानिशी पुढे आले असते. पोक्सो म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे असा खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असतो. सरकारने तो वेळेत चालवून दाखवला असता, तर त्या मुलींच्या आईवडिलांच्या हाती निकालपत्र आले असते, आणि त्या निकालाला उद्या कोणालाही ‘खरे की खोटे’ म्हणता आले नसते.

एक तारीख मला फार बोचते. चकमकीत माणूस मेल्यावर काय करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले ते २३ सप्टेंबर २०१४ रोजी. बदलापूरच्या आरोपीला गोळी लागली त्याच दिवशी त्या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली. गुन्हा नोंदवावा, तपास त्या पथकाकडे न ठेवता सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्यावा, दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, आणि घटनेनंतर लगेच कोणालाही शौर्यपदक किंवा बढती देऊ नये, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण शाबासकी आधी मिळाली की तपास कसा होणार हे सांगायला नको.

यंदा जानेवारीत दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात गाडीतील पाच पोलिसांना जबाबदार धरले असून बळाचा वापर समर्थनीय नव्हता, पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते, असे नमूद आहे. त्या तरुणाच्या आईवडिलांना त्याचे दफन करायला जागा मिळेना; शेवटी उल्हासनगरात स्थानिकांच्या विरोधात ते उरकावे लागले. फेब्रुवारीत त्यांनी न्यायालयाला सांगितले की, ही धावपळ आम्हाला झेपत नाही, आम्हाला खटला पुढे चालवायचा नाही. तरीही न्यायालयाने प्रकरण सोडले नाही आणि एप्रिलमध्ये गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपास करण्याचा आदेश दिला. जाव यावर म्हणाली, ‘त्या पोरींच्या आईबापांसाठी कोण एवढं धावलं?’ तिला मी एवढेच सांगितले की, त्यांच्यासाठीही धावायलाच हवे होते, आणि एकाचे काम केले नाही म्हणून दुसऱ्याचे सोडता येत नाही.

हे काही दूरचे राहिलेले नाही. याच एप्रिलच्या १३ तारखेला हुबळीत पाच वर्षांच्या मुलीच्या अपहरण आणि हत्येतील संशयिताला त्याच दिवशी पोलिसांनी गोळी घातली आणि बेळगावातही लोक खूश झाले. पीयूसीएल येथेही उच्च न्यायालयात गेली, आणि मृतदेह दहन न करता राखून ठेवावा लागला. २०१९ मध्ये हैदराबादला एका तरुणीवरील बलात्कार आणि हत्येतील चौघा संशयितांना पोलिसांनी मारल्यावर पोलिसांवर फुले उधळली गेली. तेथील पोलीस आयुक्त मूळचे हुबळीचे, त्यामुळे आपल्या भागात त्यांचे कौतुक अधिकच झाले. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने शस्त्रे हिसकावल्याचा दावा विश्वासार्ह नाही असे ठरवून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली, तेव्हा मात्र फुले उधळणाऱ्यांपैकी कोणी बोलले नाही.

जावेचे आजचे म्हणणे असे की, हिंडलग्याच्या नऊ जणांचे नाव या आरोपीबरोबर घेणे हाच त्यांचा अपमान आहे. १९८६ मध्ये कन्नड सक्तीला विरोध करणारी माणसे कोठे आणि हा कोठे, हे तिचे बरोबरच आहे. मी माणसांची बरोबरी करतच नाही. मी पाहते ती गोळी चालवणाऱ्याकडे. १९५६ च्या १७ जानेवारीला बेळगावात गोळ्या चालल्या, १९८६ ला खेड्यांपर्यंत चालल्या, आणि गोळी घालणाऱ्याने स्वतःच दिलेले कारण पुरेसे मानायचे नाही, हा आग्रह आम्ही सीमाभागातील लोकांनी एवढी वर्षे धरला आहे. तो आग्रह आपल्या आवडत्या मृतांपुरता ठेवला, तर समोरचे सरकार म्हणेल की तुमच्या नऊ जणांबद्दलही आमचे कारण पुरेसे होते, आणि त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर राहणार नाही.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुमचं सगळं ऐकलं, तरी तो मेला याचं मला वाईट वाटत नाही.’ वाईट वाटून घे असे मी तिला म्हटलेही नव्हते. हुबळीच्या तपासाचा अहवाल वर्तमानपत्रात आला की दोघींनी एकत्र बसून वाचायचा, एवढे मात्र तिने कबूल केले आहे.