पाल्यातला माणूस

साउथवेलमध्ये आमची बस चुकली ती माझ्यामुळे. लेक दोनदा येऊन सांगून गेली, पण भिंतीवरच्या त्या चेहऱ्यापासून मला हलवेना.

नॉटिंगहॅमला तिच्याकडे पाच आठवडे राहून आले. लंडनचे तीन दिवस आता नुसते जिने आणि माणसांचे लोंढे म्हणून आठवतात. साउथवेल मात्र दगड न् दगड आठवतंय. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान गाव, आणि त्यात केवढं तरी थोरलं चर्च, साउथवेल मिन्स्टर. पुढचा भाग बाराव्या शतकातला. गोल, जाडजूड खांब, जड कमानी. मला तो भाग थंड आणि परका वाटला, खोटं कशाला सांगू. डाव्या हाताच्या एका दारातून आत गेलं की चॅप्टर हाऊस लागतं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंची बैठकीची खोली. 1288 च्या सुमारास काम सुरू झालं, पुढच्या दहाएक वर्षांत झालं असावं. आपल्याकडे माउली नेवाशाला होती तीच ही वर्षं.

खोली अष्टकोनी. वर दगडी छत, आणि मध्ये त्याला आधार द्यायला एकही खांब नाही. भिंतींना लागून दगडी आसनं, आणि त्यांच्या वर जिथे जागा सापडली तिथे पानंच पानं. ओक, मेपल, द्राक्ष, आयव्ही, हॉप, रानगुलाब. ओकच्या पानांखाली डुकरं त्याची फळं खाताहेत. नक्षीतलं नुसतं 'पान' काढून कारागीर थांबलेले नाहीत. झाडाचं नाव सांगता यावं असं प्रत्येक पान आहे. पानामागचा दगड इतका आतवर कोरून काढलाय, की पानाची सावली पानामागे पडते. तिथे सेवेला बसणाऱ्या एका आजींनी मला टॉर्च दिला आणि समोरून नको, बाजूने धर म्हणाल्या. बाजूने धरला आणि शिरा उठून आल्या.

त्या पानांत माणसांचे चेहरे आहेत. कुणाच्या कपाळातून फांदी निघते, कुणाच्या तोंडातून. मी अडकले ती हॉथॉर्नच्या चेहऱ्यापाशी. हॉथॉर्न म्हणजे तिथल्या कुंपणांचं काटेरी झुडूप. मे महिन्यात पांढरं फुलतं, म्हणून लोक त्याला 'मे'च म्हणतात. बसथांब्यावरून येताना कुंपणातली एक डहाळी मी सहज तोडून घेतली होती. ती दगडाशेजारी धरली, दगडाला न लावता. तीच कातरलेली पाती, तोच देठ. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने बाहेर जाऊन अशीच डहाळी तोडून आणली असणार. माझ्या हाताला घाम आला.

आणि पानांतून बघणारे ते डोळे मी आधी पाहिले होते.

1972 साली आमच्या आष्टीकडच्या गावात पाऊस नव्हता. मोठी माणसं खडी फोडायला, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. पोरांनी धोंडी काढायची ठरवली आणि धोंडी झाला माझा भाऊ, अण्णा. बारा वर्षांचा होता. उघड्या अंगावर कडुलिंबाचे डहाळे बांधले, डोक्यावरही पाला. दुष्काळात हिरवं म्हणून राहिलं होतं ते लिंबाचंच झाड. 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरायचं. दारातल्या बाईने त्याच्यावर पाणी ओतायचं आणि मूठभर पीठ नाहीतर दाणे द्यायचे. प्यायला पाणी नव्हतं, तरी बायका तांब्या ओतत होत्या. आमच्या दारात आईने ओतलं तेव्हा पाल्यातून त्याचे डोळे आणि तोंड एवढंच दिसत होतं. ओठांवर ओघळलेलं पाणी तो जिभेने चाटत होता.

मी हे आठवत उभी असताना बारा-पंधरा जणांचा एक गट आत आला. त्यांना घेऊन आलेल्या माणसाने टाळी वाजवून सांगितलं, हा ग्रीन मॅन, ख्रिस्ती धर्माच्या आधीचा जंगलाचा देव, गवंड्यांनी चोरून चर्चमध्ये आणला. फोटो निघाले आणि पाचेक मिनिटांत गट गेला. मला राग आला, अजून आहे. या चेहऱ्यांना 'ग्रीन मॅन' हे नाव 1939 मध्ये लेडी रॅगलन यांनी एका लेखात दिलं. चर्चमधले चेहरे आणि मे महिन्यात निघणारा पाल्यातला माणूस एकच, असं त्यांचं म्हणणं होतं. पण तो पाल्यातला माणूस, जॅक इन द ग्रीन, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी कागदोपत्री सापडत नाही, आणि सापडतो तो लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या गरिबांबरोबर पैसे मागत हिंडताना. धोंडीसारखाच, दारोदार.

तो जॅकही मी पाहिला. आधीच्या आठवड्यात जावई आम्हाला हेस्टिंग्जला घेऊन गेले होते. तिथली मिरवणूक 1983 मध्ये पुन्हा सुरू केलेली. अंगाला हिरवा रंग लावलेली माणसं येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाला हिरवा ठिपका लावतात, अगदी शिमगा. गर्दीत पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि मला त्यातलं फारसं दिसलं नाही. पाल्याचा एक उंच डोलारा समोरून गेला, आतला माणूस मुळीच दिसला नाही, आणि मला तेच खटकलं.

आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखाशीही या चेहऱ्यांचं नातं जोडतात. तोंडातून वेल बाहेर पडतो म्हणून जोडतात, आणि जोडावंसं मलाही वाटतं. पण कीर्तिमुखाचे डोळे बटबटीत, भुकेले. शंकराच्या सांगण्यावरून स्वतःचंच अंग खाऊन उरलेलं ते तोंड आहे. साउथवेलचा तो चेहरा दमलेल्या माणसाचा आहे. त्याला देव म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंय असं मला वाटत नाही. आमच्या गावात अण्णाला कुणी देव म्हटलं नाही. त्याचं अंग पुसलं, आणि जमलेल्या पिठाची भाकरी त्याला आधी दिली.

जाणाऱ्यांना एवढंच सांगते, तिथे संध्याकाळच्या परतीच्या घाईत जाऊ नका. मी गेले, आणि अर्ध्या भिंती न बघता परतले. त्याची चुटपुट अजून आहे.

लेकीच्या घरी परतल्यावर अण्णाला फोटो पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती. त्याने चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. कोण आहे, कुठला आहे, काही विचारलं नाही.

"पाला कशाचा हाय गं?"

"इकडचं एक झुडूप आहे. काटे असतात त्याला."

तो जरा वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "आपला लिंब तरी मऊ व्हता. ह्याला टोचत आसंल."