पोळ्यापासून गाडी कोठ्यात

आज दारव्ह्याला लग्न होतं, म्हणून पोळ्यापासून कोठ्यात उभी असलेली बाबांची जुनी गाडी काढली. किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. हेडलाइट कंदिलासारखे.

शेजारचे काकाजी तुरीचं काम टाकून आले. "सेल्फ गेला वाटते राजा!" सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर. मला नाही पटलं. बोनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं चक्क कापसाची गादी घातलेली, सरकीसकट. (यंदा आमचा कापूस वजनात कमी का भरला, ते कळलं.)

मीटर लावलं: ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. वायरी सोडवून खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं टर्मिनल धुतले, पुसून, पान्यानं कसले. मग ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून करंट घेतला, तीही बारा व्होल्टचीच. प्लसला प्लस, मायनसचं दुसरं टोक मात्र गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपाशी ठिणगी नको म्हणून.

दोनदा फुरफुरली, तिसऱ्यांदा चालू! धूर एवढा की कोंबड्या पार गल्लीत.

काकाजी शांतपणे म्हणाले, "बॅटरीच हाये, म्या पयलेच म्हनलं व्हतं."

लग्न हुकलं. पंगत सापडली.