तुम्ही विचारलंत म्हणून : दोन तंबोऱ्यांचा अ‍ॅम्प

शिकवणीला येणारी मुलं, कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे येऊन भेटणारे हौशी वादक, गिटार घेऊन द्यायला निघालेले पालक, सगळे फिरून फिरून एकच विचारतात. "सर, इतकी वर्षं वाजवताय, मग अजून ट्रान्झिस्टरचाच अ‍ॅम्प का? खरा टोन व्हॉल्व्हचाच ना? आणि ट्रान्झिस्टरचाच घ्यायचा तर कुठला?" (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा म्हणजे अ‍ॅम्प. जुन्या पद्धतीच्या डब्यात ते काम काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, करतात आणि नंतरच्या डब्यात छोटे ट्रान्झिस्टर.) केबल गुंडाळता गुंडाळता याचं उत्तर देता येत नाही, ते अर्धवटच राहतं. म्हणून आज निवांत लिहितो.

सुरुवात गिटारपासून करत नाही. मी मिरजेचा. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात गाणं ऐकायला आजोबा घेऊन जायचे. मला गाण्यातलं काही कळायचं नाही, पण गायकाच्या मागे बसलेल्या दोन तंबोऱ्यांकडे मी बघत राहायचो. दोन्ही एकाच सुरात लावलेले. तरी ते हुबेहूब एक नसायचे. जवारीत, तारांत, बोटाच्या छेडण्यात केसभर फरक. आणि त्या फरकातून दोघांच्या मध्ये हवेत काहीतरी तिसरंच उभं राहायचं, जे डाव्या तंबोऱ्यातही नव्हतं आणि उजव्यातही नव्हतं. मी आजोबांना विचारलं होतं, "मधे कोण वाजवतंय?"

पुढे कॉलेजात असताना पुण्यातल्या एका जॅमरूममध्ये, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या खोलीत, कोपऱ्यात एक करडा-काळा चौकोनी डबा होता. रोलँड जेसी-१२०, जॅझ कोरस. मी गिटार जोडली, ई मायनरची साधी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवली आणि कोरसचा स्विच टाकला. दर्ग्यातलं ते मधलं तिसरं पुन्हा समोर उभं राहिलं. माझ्या आवडत्या अ‍ॅम्पबद्दल विचाराल तर एवढंच उत्तर आहे. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आपल्याकडे रोलँड म्हटलं की ऑक्टोपॅड आठवतो. ऑर्केस्ट्रा असो की लग्नाची वरात, पॅडवाल्याशिवाय पान हलत नाही. त्याच कंपनीने ऑक्टोपॅडच्या दहा वर्षं आधी, १९७५ मध्ये हा अ‍ॅम्प काढला. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात कंपनी सुरू केली, म्हणजे तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. अ‍ॅम्पमध्ये साठ-साठ वॅटचे दोन वेगळे पॉवर अ‍ॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर. कोरस चालू केला की एका स्पीकरला गिटारचा आवाज जसाच्या तसा जातो. दुसऱ्याला जातो तो एका चिपमधून फिरून. आग लागल्यावर गावकरी रांगेत उभे राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा ही चिप आवाज एका घरातून पुढच्या घरात देत नेते. त्यात काही मिलिसेकंद जातात. बादल्या पुढे देण्याचा वेग हळूहळू कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे आवाज किंचित चढतो, किंचित उतरतो. अ‍ॅम्पच्या आत हे दोन आवाज एकत्र होतच नाहीत. ते भेटतात बाहेर, हवेत, ऐकणाऱ्याच्या कानाशी. मागे बसलेले दोन तंबोरे भेटतात, अगदी तसेच. पुढच्या वर्षी हेच सर्किट बॉसच्या सीई-१ या पेडलमध्ये, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या डबीत, आलं आणि कोरस जगभर गेला. पण एकाच स्पीकरमधून ऐकलेला कोरस मला नेहमी एका तंबोऱ्याचा वाटतो.

कोरस बंद केल्यावर जे उरतं, तेही मला तितकंच प्रिय आहे. जेसी-१२० चा क्लीन आवाज. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज वाढवत नेला की एका टप्प्यानंतर तो आपसूक जाडसर, खरखरीत व्हायला लागतो. बऱ्याच जणांना तेच हवं असतं आणि ते गोड असतं, हे मी कधीच नाकारलेलं नाही. जेसी मात्र ढोलकी, पॅड, दोन कीबोर्ड आणि ब्रास सेक्शनच्या वर चढूनही स्वच्छच राहतो. कॉर्डमधले सहाच्या सहा सूर वेगळे ऐकू येतात. आणि तो काही लपवत नाही. बोट तारेवर अर्धवट टेकलं तर ते दिसतं, नखाचा आवाज दिसतो, घाई दिसते. माझ्या उजव्या हाताला जे वळण लागलं ते या अ‍ॅम्पने लावलं. मुलांना मी पहिली दोन वर्षं याच्यासमोर बसवतो, ते याचसाठी.

त्याचा स्वतःचा डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, मात्र वापरू नका. कोरडा आणि चिरका आहे, पन्नास वर्षांत कोणी त्याची तारीफ केलेली मी ऐकली नाही. तसा फाटका आवाज हवा असेल तर पेडल लावा, पेडलला यासारखी स्वच्छ जमीन दुसरीकडे मिळणार नाही. मेटॅलिका या हेवी मेटल बँडची वेडी असलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या जेम्स हेटफील्डच्या त्या संथ, काचेसारख्या क्लीन सुरावटींमागे हाच अ‍ॅम्प आहे, हे सांगितलं की ती एकदम त्याच्याकडे आदराने बघायला लागतात.

आता "खरा टोन व्हॉल्व्हचाच" याबद्दल. हा समज उगाच आलेला नाही. बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला १९४७ च्या डिसेंबरात, पण गिटार अ‍ॅम्पमध्ये तो नीट रुळायला पंचवीस-तीस वर्षं गेली. फेंडरने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरची पूर्ण मालिका बाजारात आणली. ते अ‍ॅम्प तापायचे, बिघडायचे, कानाला टोचायचे, आणि काही वर्षांत कंपनीने ती मालिका गुंडाळली. बदनामी मात्र टिकली. कारण सर्किटमध्येही होतं. क्षमतेपलीकडे ताण दिला की व्हॉल्व्ह आवाजाच्या लाटेचा माथा हळूहळू दाबत नेतो. ट्रान्झिस्टर तोच माथा सुरीने कापावा तसा सपाट कापतो, आणि त्या कापलेल्या कडा कानाला बोचतात. दुसरी गोष्ट स्पीकरची. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प स्पीकरच्या पडद्याचा लगाम घट्ट धरतो, सूर थांबला की पडदाही थांबतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लगाम सैल सोडतो, म्हणून खालचे सूर थोडे घुमतात आणि वरचे चमकतात. त्या सैलपणालाच लोक ऊब म्हणतात.

माझ्या मते घोळ इथेच झाला. ज्यांनी ट्रान्झिस्टरकडून व्हॉल्व्हची नक्कल करून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांचे बहुतेक अ‍ॅम्प विसरले गेले. ज्यांनी घट्ट लगाम हाच गुण मानला, त्यांचे टिकले.

गणपतीत बेंजो पार्टी ऐकली असेल तर हे वेगळं समजावायला नको. बटणं दाबून वाजवायचा तो बेंजो, त्याला तारांचा आवाज टिपणारा पिकअप लावलेला, हातगाडीवर अ‍ॅम्प, जनरेटर आणि भोंगे. आवाज पार टोकाला नेलेला, माथे सपाट कापलेले. त्या कापलेपणामुळेच तो ताशाच्या कल्लोळातून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत येतो. मला तो आवाज मनापासून आवडतो. पँटेरा या मेटल बँडच्या गिटारवादक डाइमबॅग डॅरेलने रँडल कंपनीच्या आरजी-१०० या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून काढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हातगाडीच आठवली होती. तळव्याने तार दाबून मारलेला प्रत्येक ठोका सुरू होतो आणि तिथेच तुटतो, मागे शेपूट राहत नाही. व्हॉल्व्हच्या सैल लगामात इतका कोरीव ठोका बसवणं अवघड आहे. त्याने ट्रान्झिस्टर स्वस्त म्हणून घेतला नव्हता, त्याला ती धारच हवी होती.

आणि धार नको, गाता सूर हवा असेल तर ब्लूजचे गिटारवादक बी. बी. किंग ऐका. त्यांनी वर्षानुवर्षं लॅब सिरीजचा एल-५ हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरला. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी गिटारवाल्या गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, हा अ‍ॅम्प काढला, आणि तो घडवला मूग कंपनीने, सिंथेसायझरवाल्या. शंभर वॅट, बारा इंची दोन स्पीकर आणि आतच कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातला लहान-मोठेपणा सारखा करणारं सर्किट. एकच सूर, त्यावरचं ते थरथरणारं बोट, आणि सूर विरेपर्यंत भरलेला राहतो. व्हॉल्व्हशिवाय आवाजाला जीव येत नाही असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, बी. बी. लावतो. जॅझमध्ये गिटारवादक जो पास यांचा गोल, लोण्यासारखा आवाज पॉलिटोन कंपनीच्या छोट्या अ‍ॅम्पमधून यायचा, तोही ट्रान्झिस्टरचाच. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडचे जॉन फोगर्टी कस्टम नावाच्या कंपनीचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरत. त्याला रिक्षाच्या सीटसारखं फुगीर, शिवलेलं रेक्झिन असायचं. फोटो पाहिलात तर विसरणार नाही.

मी स्वतः ट्रान्झिस्टरकडे वळलो त्याला रस्तेही कारण आहेत. ऑर्केस्ट्रात असताना एका जत्रेच्या कार्यक्रमाला आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प टेम्पोतून नेला. खड्ड्यांनी आधी एका व्हॉल्व्हची काच गेली. दुसरा बसवून स्टेजवर उभे राहिलो तर जनरेटरचा व्होल्टेज वर-खाली होत होता. दुसऱ्याच गाण्याला अ‍ॅम्प मवाळ पडला, तिसऱ्याला गप्प झाला. व्हॉल्व्ह मुंबईहून मागवून येईपर्यंत पंधरा दिवस गेले, आणि ते सीझनचे पंधरा दिवस होते. तो मित्र त्या रात्री टेम्पोत एक शब्द बोलला नाही. मी त्याच आठवड्यात ठरवलं.

माझा जेसी-१२० ती पुण्याची जॅमरूम बंद झाली तेव्हा मिळाला, तोच कोपऱ्यातला. एका बाजूने खरखर येत होती. आमच्याकडच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी वाळलेले कपॅसिटर बदलले आणि पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणांमागचे भाग, साफ केले. अर्ध्या दिवसाचं काम. तेव्हापासून तो थांबलेला नाही. वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास आहे, एकट्याने जिना चढवायला नको, एवढीच तक्रार.

नवीन शिकणाऱ्याने लगेच हाच घ्यावा असं मी म्हणत नाही. घरासाठी याच घराण्यातले जेसी-२२ आणि जेसी-४० आहेत, दोन स्पीकर आणि तोच कोरस. स्टेजवर एकच अ‍ॅम्प सगळीकडे न्यायचा असेल तर पीव्ही कंपनीचा बँडिट बघा, १९८१ पासून निघतोय, बारा इंची एकच स्पीकर. जुना मिळाला तरी घ्या, दणकट असतो. जपानहून आलेला जुना माल घेत असाल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिकडे वीज शंभर व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीसची, आणि मधे ट्रान्सफॉर्मर नसेल तर अ‍ॅम्प एका सेकंदात जातो.

दुकानात गेलात की सगळी बटणं मध्यावर ठेवा, इफेक्ट बंद करा, आणि एकच सूर आधी अगदी हलका आणि मग जोरात वाजवा. दोन्ही वेळा तुमचा हात ओळखू आला पाहिजे.

आणि मिरजेत आलात तर घरी या. रविवारी सकाळी शिकवणी नसते. खोलीत अ‍ॅम्पसमोर सहा-सात फुटांवर, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, एक पाट मांडलेला असतो. त्यावर बसा, मी वाजवतो.