विरळ हवेत मेंदूच्या रक्तवाहिन्या काय करतात

सोलापुरातून लेहच्या सहलीला निघालेले परिचित मला तिथल्या डोकेदुखीवर कोणती गोळी न्यावी, हे हमखास विचारतात. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर आहे. तेथेही हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरल्याने प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो आणि साठा जवळजवळ ठेवतच नाही. त्यामुळे ही टंचाई त्याला लगेच जाणवते.

पहिला उपाय तातडीचा असतो. धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली उतरू लागला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह वाढतो. मात्र त्याच वेळी श्वासही वाढलेला असतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि तो घटला की याच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. अशा परस्परविरोधी आज्ञांत सुरुवातीला बहुधा रुंदावण्याची सरशी होते. पुढे श्वसन स्थिरावून आणि हिमोग्लोबिन वाढून रक्तातील ऑक्सिजन सुधारतो, तसा प्रवाह हळूहळू पूर्ववत होऊ लागतो.

दुसरा उपाय संथ आहे आणि मला तोच अधिक विलक्षण वाटतो. उजनीची जलवाहिनी कितीही मोठी केली तरी गल्लीत नळ नसेल तर घरात पाणी येत नाही. पेशींचेही तसेच आहे, कारण केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन फार थोडे अंतर ओलांडू शकतो. ऑक्सिजन पुरेसा असतो तेव्हा पेशी ‘एचआयएफ’ नावाचे प्रथिन तयार होताच मोडून टाकतात; तो कमी पडला की हे प्रथिन टिकते आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकांची जनुके कामाला लावते. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. सुमारे ३ आठवडे कमी दाबात ठेवलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूत केशवाहिन्या लक्षणीय दाट झालेल्या आढळल्या, आणि नेहमीच्या हवेत परत आणल्यावर काही आठवड्यांत ही वाढ ओसरलीसुद्धा.

आठवड्याभराच्या सहलीत हा दुसरा उपाय हाती लागण्याची शक्यता नाही. म्हणूनच विमानाने उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच हजार मीटरपेक्षा उंच ‘खारदुंग ला’ खिंड दाखवणारे वेळापत्रक मला अविचारी वाटते. अॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी, पण ती रक्तातील आम्लता कमी ठेवणारे बायकार्बोनेट मूत्रावाटे बाहेर टाकून श्वास वाढवते, एवढेच तिचे काम. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली तर ती मेंदूला सूज आल्याची खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली उतरवावे.